‘ते काय असतं ना—’ : पेठेतील हार्डवेअरच्या दुकानातील नामव्यवहार

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने लोखंडी सामानाच्या दुकानाविषयी लिहावे, याचे या पत्रिकेच्या वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु हा विषय मी शोधून काढलेला नाही. आमच्या स्वयंपाकघरातील गळक्या नळाने तो माझ्यापुढे आणून टाकला. नळ घट्ट बंद केला तरी थेंब पडतच राही. उघडून पाहता आतील पितळी दांड्याच्या टोकाशी बसविलेली रबराची चकती झिजून गेलेली आढळली. आजकालच्या रीतीप्रमाणे मी ती वस्तू घरबसल्या मागवावी म्हणून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तिचे नाव लिहावयास बसलो, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की नाव मला ठाऊक नाही. ‘नळाचे रबर’ असे लिहून पाहिले, तर बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळ्या दिसू लागल्या. ‘नळ’ आणि ‘नळी’ यांतील भेद माणसास सांगावा लागत नाही. यंत्रास तो सांगण्याचा मार्ग मला सापडला नाही. शेवटी चित्रांवरून अंदाज बांधून ‘अर्धा इंची’ म्हणून दहा चकत्यांचे एक पाकीट मागविले. पाकीट वेळेवर आले, परंतु दहांपैकी एकही चकती नळात बसली नाही.

मग तो झिजलेला तुकडा वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मी पेठेतील दुकानात गेलो. पन्नास-साठ वर्षांचे ते दुकान. रुंदी दोन माणसे शेजारी उभी राहतील एवढी, आणि खोली किती ते बाहेरून कळत नाही. दुकानदाराने कागद उलगडला, तुकडा चिमटीत धरून फिरविला आणि विचारले, “नळ पितळी आहे ना, सर? जुना?” मी होकार दिला. “गोल मुठीचा, की पाकळ्यांचा?” तेही सांगितले. त्याने तीन निरनिराळ्या डब्यांतून तीन चकत्या काढून काचेवर मांडल्या, माझा तुकडा एकेकीवर ठेवून पाहिला आणि तिसरी माझ्या हातात दिली. “दोन रुपये.” मी विचारले, “याला म्हणतात काय?” तो म्हणाला, “वायसर. पण नाव नाही आठवलं तरी चालेल, सर. सँपल आणत जा.”

शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानाविषयी लोकांस जी ओढ वाटते तिची कारणे विचारली असता बहुधा तीन सांगितली जातात : दुकान जवळ आहे, सुटा माल मिळतो, आणि दुकानदार ओळखीचा आहे. तीनही खरी आहेत. परंतु ती वाण्याच्या दुकानासही तितकीच लागू पडतात. वाण्याकडे जाणाऱ्यास मात्र आपणास काय पाहिजे त्याचे नाव ठाऊक असते. तूरडाळ मागणारा ‘ते पिवळं, वरणाला लागतं ते’ असे म्हणत नाही. हार्डवेअरच्या दुकानाचा विशेष हा की तेथे येणारा ग्राहक पुष्कळदा वस्तूचे नाव न जाणताच येतो, आणि तरीही योग्य वस्तू घेऊन परत जातो. नाव नसताना निर्देश सिद्ध होण्याची ही जी किमया, तिच्यातच या दुकानाचे खरे आकर्षण आहे असे मला वाटते. ती कशी घडते हे पाहण्यासाठी त्यानंतर मी त्या दुकानात, मालकाच्या संमतीने, अनेक सकाळी एका स्टुलावर बसून काढल्या. पुढील विवेचन त्या टिपणांवर आधारलेले आहे. मोजदाद केलेली नाही.

प्रथम एक संवाद पाहू. साठीच्या एक बाई आल्या.

“अरे भाऊ, ते दाराला असतं ना, असं वर सरकवायचं…”

“आतून की बाहेरून, मावशी?”

“आतून रे. रात्री लावायचं ते.”

“उभं की आडवं?”

“उभंच. वर चौकटीत जातं.”

“बोल्ट. केवढा पाहिजे?”

“एवढा,” असे म्हणून बाईंनी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात दाखविला.

यात वस्तुनाम एकदाच आले आहे, आणि ते दुकानदाराच्या तोंडी. परंतु याहूनही लक्षणीय अशी एक गोष्ट आहे, जी मला चौथ्या-पाचव्या दिवशी कानाला जाणवली. बाई आरंभी ‘ते’, ‘असतं’, ‘सरकवायचं’, ‘जातं’ अशी नपुंसकलिंगी रूपे योजीत आहेत. दुकानदार ‘बोल्ट’ म्हणून त्यास ‘केवढा’ हे पुल्लिंगी विशेषण लावतो आणि लगेच बाईंचे उत्तर ‘एवढा’ असे येते. अनामिक वस्तू मराठीत नपुंसकलिंगी असते हे व्याकरणांत नमूद आहे. अज्ञात कर्त्यास व अज्ञात पदार्थास ‘ते’ हेच सर्वनाम शोभते. परंतु नाव मिळताच लिंगही मिळते, आणि ग्राहकाने ते नवे लिंग उचलले की दोघांचे एकमत झाले असे समजावे. पुढे बाई ‘बोल्ट’ हा शब्द स्वतः उच्चारतही नाहीत. ‘एवढा’ या एका आकारान्त रूपात त्यांची संमती आली आहे. बिजागरी, कडी, पक्कड, कानस यांच्या बाबतीत असेच रूपांतर स्त्रीलिंगात होते : “ते खरवडायचं” असे सुरू झालेले वाक्य “हीच, पण बारीक दातांची” असे संपते. कुलूप मुळातच नपुंसकलिंगी असल्यामुळे तेथे ही खूण मिळत नाही. पण कुलुपाचे नाव कोणी विसरत नाही, हेही खरे.

दुसरी गोष्ट कृदन्तांची. नाव नसलेल्या वस्तूस ग्राहक दोन प्रकारे ओळखवितो. एक, तिच्या स्थानावरून : ‘नळात बसतं ते’, ‘खुर्चीच्या पायाखाली असतं ते’. दुसरा, तिच्या कार्यावरून : ‘पडदा अडकवायचं’, ‘भोक बुजवायचं’, ‘वायर दाबायचं’. हे ‘-आयचं’ म्हणजे लेखी ‘-आवयाचे’ होय. आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहावे. लाटणे, उलथणे, गाळणे, किसणी, चाळणी, झाकण ही सर्व नावे धातूस ‘-णे’, ‘-णी’, ‘-ण’ जोडून झालेली आहेत. ज्याने जे करावयाचे तेच त्याचे नाव. स्वयंपाकघरातील उपकरणांची नावे मराठी बोलणाराने स्वतः घडविली आणि म्हणून ती पारदर्शक राहिली. हार्डवेअरच्या दुकानातील नावे त्याने घडविलेली नाहीत. ‘वायसर’ या ध्वनींत गळती थांबविण्याचा काही संबंध त्यास दिसत नाही. अशा वेळी तो स्वस्थ बसत नाही. जुना प्रत्यय आता तितकासा प्रसवशील उरलेला नसल्यामुळे दुसरा घेतो आणि तात्पुरते नाव बनवितो. ‘अडकवायचं’ हे ‘किसणी’चेच धाकटे भावंड आहे. फरक एवढाच की किसणी कोशात गेली, आणि ‘अडकवायचं’ हे गल्ल्याशी जन्मून तेथेच दोन मिनिटांत मरते.

ग्राहकास नाव ठाऊक का नसते? तो अशिक्षित असतो म्हणून नव्हे. या लेखाचा लेखक भाषाविज्ञानाची पदवी मिरवितो आणि त्यास वायसर ठाऊक नव्हता. कारण ऐतिहासिक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे वर्णन केले आहे, तीत दार सुतार करी व त्याची कडी लोहार घडवी. कडी मोडली तर घरधनी लोहारास बोलावी किंवा मोडकी कडी त्याच्या भट्टीवर धाडी. नावाची गरज फारशी नव्हती, कारण घडविणारा आणि दुरुस्त करणारा एकच होता आणि त्या कडीसारखी दुसरी कडी गावात असण्याचे कारण नव्हते. कारखान्यात तयार होणाऱ्या मालाने हे सारे पालटले. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञाने स्क्रूच्या आट्यांस एकच कोन व ठरावीक अंतरे असावीत अशी सूचना केली, आणि ती रूढ झाल्यावर एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टावर बसू लागला. तेव्हापासून सुटा भाग ही विकत घेण्याची वस्तू झाली. आणि विकत घ्यावयाची तर तिला नाव व माप हवे. ते नाव कारखान्याने दिले, कारागिराने आपल्या जिभेस मानवेल असे वळविले, आणि घरातल्या माणसापर्यंत ते पोचलेच नाही. या दोहोंमध्ये जे अंतर पडले तेथे हे दुकान उभे आहे.

नावे आली तीही एका वाटेने नव्हेत. खिळा हा संस्कृत ‘कील’चा वंशज. कुलूप अरबीतून फारसीच्या मार्गाने आले. चावी, बालदी, घमेले आणि बिजागरी ही पोर्तुगीजांची देणगी; सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादु यांनी आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावाविषयी १९१३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो या बाबतीत आजही चाळावा असा आहे. दाराच्या साहित्याचा एवढा भाग पोर्तुगीजांकडून यावा हे अर्थपूर्ण आहे. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय. गिरमिट म्हणजे लाकडास भोक पाडण्याचे हत्यार. हा इंग्रजी ‘गिम्लेट’. परदेशी मजुरीस नेलेल्या लोकांचा ‘गिरमिट’ हा ‘ॲग्रीमेंट’पासून झालेला निराळाच शब्द, दोघांचा संबंध उच्चारापुरता. आणि ‘चूक’ म्हणजे लहान खिळा. “पाव किलो चुका द्या” हे वाक्य उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकास प्रथम ऐकताना गंमतीचे वाटते, पण दुकानात त्यावर कोणी हसत नाही.

त्यातच आता बांधकामावरील कारागीर अनेक प्रांतांतून येतात. नळकाम करणाऱ्यांत ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यातील माणसे पुष्कळ. सुतारांत राजस्थान व उत्तर प्रदेशाकडील. त्यांची परस्परांशी आणि दुकानदाराशी भाषा हिंदी. हिंदीत बिजागरीस ‘कब्जा’ म्हणतात. घरमालक मराठी, सुतार हिंदी. सुताराने “दो कब्जा मँगवा दो” म्हटल्यावर घरमालकास क्षणभर आपल्या घराची चिंता वाटली तर तो दोष त्याचा नव्हे. ‘अल्ड्रॉप’ हा आणखी एक शब्द. कानाला तो इंग्रजी वाटतो. परंतु तो नांदतो आपल्याच देशातील दुकानांत व मालाच्या याद्यांत. नळकामातील ‘एल्बो’ म्हणजे कोपर हे कोणाच्या मनातही येत नाही. ‘टी’ हे रोमन अक्षर, त्याची वस्तू झाली आणि तिचे अनेकवचनही लोक बेधडक करतात. यांखेरीज व्यापारी नावे आहेतच. फेविकॉल १९५९ साली बाजारात आले आणि सुतारकामाच्या कोणत्याही पांढऱ्या सरसाचे ते नाव होऊन बसले. भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळकांडीस एक जण ‘गिट्टी’ म्हणतो, दुसरा ‘रॉलप्लग’, तिसरा ‘फिशर’. पैकी पहिले नाव लाकडी ठोकळ्याच्या काळातले, उरलेली दोन कारखान्यांची. दुकानदारास तिन्ही कळतात, आणि समोरच्याने जे वापरले तेच तो उलट वापरतो. हा शिष्टाचार त्यास कोणी शिकविलेला नाही.

मापांची कथा याहूनही गहन आहे. आपल्या देशात वजनमापांचा मानक कायदा १९५६ साली झाला व १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली. दुकानात ती पूर्णपणे आली आहे असे मात्र म्हणता येत नाही. सळई आज मिलिमीटरवर तयार होते, परंतु बांधकामावर ती ‘सुता’वर मागितली जाते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दहा मिलिमीटरची सळई ‘तीन सूत’, बाराची ‘चार सूत’, सोळाची ‘पाच सूत’. गणित करून पाहिल्यास तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर आणि चार सूत म्हणजे बारा पूर्णांक सात दशांश मिलिमीटर येतात. म्हणजे एक माप खरे मापापेक्षा कमी आणि दुसरे जास्त. कोणाचे अडत नाही, कारण ‘तीन सूत’ हे आता माप उरलेले नसून नाव झाले आहे.

नळाचा ‘अर्धा इंच’ हा याच जातीचा, आणि माझ्या फसगतीचे मूळही त्यातच आहे. अर्धा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या नळाचे आटे पट्टीने मोजावेत : बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहून अधिक. अर्धा इंच कोठेच सापडत नाही. हे माप मुळात जुन्या लोखंडी नळाच्या आतील पोकळीचे होते. पुढे नळाची जाडी बदलली, आटे मात्र तेच राहिले आणि त्यांच्याबरोबर नावही राहिले. नवशिका माणूस पट्टी घेऊन मोजतो, पाऊण इंच म्हणून सांगतो आणि चुकीची वस्तू घरी नेतो. अनुभवी दुकानदार पाऊण इंच ऐकताच विचारतो, “मोजून आलात का?”

‘नंबर’ या शब्दाची गंमत तर भाषाविज्ञानाच्या वर्गात सांगावी अशी आहे. तारेचा नंबर जसा वाढतो तशी तार बारीक होते : १८ नंबरपेक्षा २० नंबर बारीक. लाकडी कामाच्या स्क्रूचा नंबर वाढला की स्क्रू जाड होतो : ६ नंबरपेक्षा ८ नंबर जाड. घासकागदाचा नंबर वाढला की कागद मऊ होतो. एकाच गल्ल्यावर, एकाच सकाळी, एकच शब्द तीन निरनिराळ्या दिशांनी मोजला जातो. सोस्यूर यांनी मूल्य हे चिन्हाच्या अंगी नसून व्यवस्थेतील स्थानावर अवलंबून असते असे जे प्रतिपादले, त्याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही. ग्राहक म्हणतो, “याच्याहून एक नंबर मोठा द्या.” दुकानदारास विचारावे लागते, “मोठा म्हणजे जाड ना?”

आता थोडे सिद्धान्ताकडे वळू. विट्गेनश्टाइन यांच्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ (१९५३) या ग्रंथाच्या आरंभी गवंडी व त्याचा मदतनीस यांची जी काल्पनिक भाषा आहे ती सर्वपरिचित आहे : गवंडी वस्तूचे नाव पुकारतो आणि मदतनीस ती वस्तू आणून देतो. त्या चित्रात नावे दोघांनाही आधीच ठाऊक आहेत. हार्डवेअरच्या दुकानात पुकारणाऱ्यास नाव ठाऊक नाही, आणणाऱ्यास ठाऊक आहे. आणि तरीही काम चालते. हिलरी पटनम यांनी १९७५ साली मांडलेली भाषिक श्रमविभागणीची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. एल्म आणि बीच या वृक्षांत आपणास भेद करता येत नाही, तरी ते शब्द आपण अर्थपूर्ण रीतीने वापरतो, कारण भेद करू शकणारे तज्ज्ञ समाजात आहेत, असे त्यांचे म्हणणे. परंतु पटनम यांच्या सामान्य माणसाजवळ शब्द तरी असतो. आमच्या ग्राहकाजवळ तोही नाही. तज्ज्ञाशी त्याचा संबंध समाजाच्या मार्फत नव्हे, तर समोरासमोर, गल्ल्याच्या दोन बाजूंस उभे राहून यावा लागतो.

हा समोरासमोरचा संबंध हर्बर्ट क्लार्क आणि डीॲना विल्क्स-गिब्ज यांनी १९८६ च्या आपल्या निबंधात प्रयोगाने दाखविला. दोघांच्या मध्ये पडदा. दोघांजवळ तुकड्यांनी बनविलेल्या त्याच बारा आकृत्या. एकाने वर्णन करावयाचे आणि दुसऱ्याने आपल्या आकृत्या त्याच क्रमाने लावावयाच्या. पहिल्या फेरीत वर्णने लांबलचक होती. पुढच्या फेऱ्यांत ती आखूड होत दोन-तीन शब्दांवर आली. निर्देश हे एकट्या वक्त्याचे कृत्य नसून दोघांनी मिळून पार पाडावयाचे काम आहे, हा त्यांचा निष्कर्ष. दुकानात या प्रयोगाची पहिली आणि शेवटची फेरी एकाच वेळी ऐकू येते. नवखा ग्राहक पाच वाक्ये बोलतो. त्याच्या शेजारी उभा असलेला नळकारागीर “शेठ, अर्धा, चार” एवढेच म्हणतो आणि चार एल्बो घेऊन जातो. एल्बो हा शब्दही त्याने उच्चारलेला नसतो. कालपासून त्याचे काम काय चालले आहे ते शेठला ठाऊक आहे.

टी. एफ. मिचेल यांनी सायरेनेकातील खरेदीविक्रीच्या भाषेवर १९५७ साली जे लिहिले त्यात व्यवहाराचे टप्पे सांगितले आहेत : अभिवादन, मालाची विचारणा, मालाची पाहणी, घासाघीस आणि समाप्ती. हीच चौकट आमच्या दुकानास लावली तर ती बसते, पण तिचा तोल बदलतो. अभिवादन जवळजवळ नाहीच. घासाघीस नळकारागिरापुरती, तीही महिन्याच्या हिशोबाला. सारा वेळ जातो तो विचारणेत. आणि तेथेही विचारणारा मुख्यतः दुकानदार असतो. त्याचे प्रश्न बहुधा दोन पर्यायांचे असतात : आतून की बाहेरून, गरम पाण्याचा की थंड, भिंत विटेची की काँक्रीटची, आटे घातलेले की कापलेले. प्रत्येक प्रश्नागणिक मागच्या भिंतीवरील निम्मे डबे बाद होतात. जो प्रश्न तो कधीच विचारीत नाही तो म्हणजे ‘त्याला काय म्हणतात?’

येथे एक आक्षेप घेतला जाईल. आता वस्तूचे छायाचित्र काढून यंत्राकडून ती ओळखवून घेता येते. मग नावावाचून काय अडते? छायाचित्र जातीची ओळख देते, आणि ती पुष्कळदा बरोबरही असते. परंतु अर्धा इंची आणि पाऊण इंची एल्बोची छायाचित्रे हुबेहूब सारखी असतात. दुकानातही तरुण ग्राहक छायाचित्र पुढे करतात तेव्हा दुकानदार ते नीट पाहतो आणि बहुधा एवढेच म्हणतो, “सँपल आहे का?” शिवाय यंत्र उलट प्रश्न विचारू लागले तरी नळ किती जुना आहे यावरून आतले आटे कोणते असतील हे सांगणे त्यास आज तरी साधलेले मला आढळले नाही. पेठेतील कोणत्या इमारतीत कोणत्या वर्षी नळकाम झाले हे त्या दुकानदारास ठाऊक आहे, कारण माल त्याच्याकडूनच गेला होता.

या दुकानाचे चित्र मी गोड रंगवीत आहे असे कोणास वाटू नये. येथील सहकार्य सर्वांस सारखे मिळत नाही. माझ्या एका सहकारी बाई, ज्या घरातील विजेची किरकोळ कामे स्वतः करतात, त्यांनी सांगितले की दुसऱ्या एका दुकानात त्यांनी वस्तूचे नाव, नंबर व माप तिन्ही अचूक सांगितले, तरीही “घरातून कोणाला तरी पाठवा” असे उत्तर त्यांस मिळाले. नाव न जाणणाऱ्या पुरुषास जो धीर मिळतो तो नाव जाणणाऱ्या स्त्रीस मिळू नये, ही गोष्ट क्लार्क यांच्या प्रयोगात दिसणार नाही. कारण तेथे दोघांनी सहकार्य करावयाचे असे आधीच ठरलेले असते. बाजारात सहकार्य करावयाचे की नाही हे बलवान पक्ष ठरवितो. मी ज्या दुकानात बसलो तेथेही गर्दीच्या वेळी कारागिरांचे काम आधी होई आणि घरगुती ग्राहक ताटकळत राही. धंद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. भाषाव्यवहाराच्या दृष्टीने ते नोंदविणे आवश्यक आहे.

शब्दसंग्रहाविषयी अखेरीस थोडे. दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२–३८) धंद्यांतील शब्दांनाही जागा दिली, आणि सुतारकामातील पुष्कळ शब्द त्यामुळे आपणास आज उपलब्ध आहेत. पुढे १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे काम केले. परंतु ते कार्यालयाच्या व विद्यालयाच्या गरजेतून झाले. त्यातील पर्याय गल्ल्यावर पोचावेत अशी अपेक्षा नव्हती आणि ते पोचलेही नाहीत. परिणामी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत नळ, वीज, रंग व प्लास्टिक यांच्याबरोबर जे शब्द मराठीत आले, वळले आणि काही नाहीसेही झाले, त्यांची सलग नोंद माझ्या पाहण्यात नाही. लोखंडी नळाच्या आट्यांवर सफेदा आणि धागा गुंडाळण्याची जुनी रीत. तिची जागा टेफ्लॉनच्या पांढऱ्या फितीने घेतली. ‘सफेदा’ या अर्थाने हा शब्द मी ज्यांच्या तोंडून ऐकला ते सर्व पन्नाशीच्या पुढचे होते.

ते दुकान ज्या वाड्यात आहे त्या वाड्याचा पुनर्विकास ठरला आहे. नव्या इमारतीत जागा मिळेल, पण ती मिळेपर्यंतची वर्षे दुकान कोठे चालवावयाचे हे ठरलेले नाही. आणि मालकाचा मुलगा दुसऱ्या व्यवसायात आहे. डब्यांवर नावे लिहिलेली नाहीत. कोणत्या डब्यात काय आहे हे मालकाच्या व एका जुन्या नोकराच्या स्मरणात आहे, मी विचारले असता मालक म्हणाला, “लिहिलं तर गिऱ्हाईक स्वतः शोधायला लागेल, आणि त्याला सापडणार नाही.” विभागातील दोन विद्यार्थ्यांनी मालकाच्या परवानगीने डब्याडब्यातील वस्तू, तिला त्या दुकानात मिळणारी सर्व नावे, प्रत्येक नाव कोण वापरतो, आणि तिचे लिंग व अनेकवचन यांची नोंद करावयास आरंभ केला आहे. मागची भिंत डावीकडून अर्धी झाली आहे. ज्यांस या कामात भाग घ्यावयाचा असेल त्यांनी सकाळी साडेदहानंतर जावे. त्यापूर्वी कारागिरांची गर्दी असते आणि स्टूल मिळत नाही.